राखीव जागेच्या तीन ओळी

माझा स्वभाव तापट, आणि त्यात आपण कधी चुकत नाही असा ठाम समज. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला शांती नगरमधल्या एका गाळ्यात आमचं छोटं ऑफिस होतं. दवाखान्यांचे रिपोर्ट साठवणारे सर्व्हर आम्ही बनवायचो. मशीन रीस्टार्ट केलं की एकेक कार्ड तपासत ते उठेपर्यंत चहा पिऊन यावं इतका वेळ जायचा. म्हणून मी वेगळी सोय केली. मशीन बंदच करायचं नाही; चालू कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, नवा कर्नल मेमरीत आणायचा आणि कारभार थेट त्याच्या हाती द्यायचा. काही सेकंदांत काम! साहेब खूश, मी तर हवेत.

मग असं थेट सुरू केलेलं मशीन तासा-दोन तासांनी गोठायला लागलं. तेव्हा डिस्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहायला खाडीकाठच्या राई गावातली एक मुलगी नवीन आली होती, अजून कायम झालेली नव्हती. मी साहेबांना बेधडक सांगितलं, "तिचा ड्रायव्हर कच्चा आहे." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर तिला सोडू. हे तिच्याही कानावर गेलं.

ती रडली नाही, भांडली नाही. गुरुवारी सकाळी तिने मेमरीतली कुठली जागा मोकळी, कुठली राखीव याच्या दोन याद्या छापल्या. एक नेहमीच्या रीस्टार्टनंतरची, दुसरी माझ्या थेट पद्धतीने सुरू केल्यावरची. कागद जमिनीवर पसरून, पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन ती ओळ न् ओळ ताडून बघत बसली.

"रांगोळी काढतेयस का?" मी जाता जाता टोमणा मारला.

"हो सर. ठिपके जुळत नाहीयेत," ती मान वर न करता म्हणाली.

दुपारी तिने मला बोलावलं. दुसऱ्या यादीत तीन ओळी नव्हत्या. बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्ये मुळातच भरलेला प्रोग्राम, मेमरीचे काही तुकडे कायम स्वतःसाठी राखून ठेवतं. रीस्टार्टमध्ये ते कर्नलला तसं सांगतं. थेट सुरुवातीत त्याला बोलायची संधीच नसते, तो निरोप जुन्या कर्नलने यादी करून पुढे द्यायचा असतो, आणि ती यादी करणारा कोड माझा. आणि मी शहाण्याने ते तुकडे शेजारच्या मोकळ्या मेमरीत मिसळून टाकले होते, एवढ्याशा जागा कशाला वाया घालवायच्या म्हणून! नवा कर्नल बिचारा तिथेच लिहीत सुटायचा आणि मशीन गोठायचं.

"आमच्या घरामागे भराव टाकणाऱ्या बिल्डरलाही ती जागा रिकामीच दिसली होती, सर," ती म्हणाली. "भरतीचं पाणी तिथून जायचं. आता घरात येतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तरी खरं सांगतो, रागाच्या आधी कौतुक वाटलं. इतकी वर्षं या कामात घालवून स्वतःची यादी तपासावी हे मला सुचलं नव्हतं. तिने तीन ओळी घातल्या. मशीन शुक्रवार दुपारपर्यंत न कुरकुरता चाललं.

"साहेबांना तुम्ही सांगताय की मी सांगू?" तिने विचारलं.

"फर्मवेअरचा घोळ होता म्हणून सांगतो," मी पुटपुटलो.

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "घोळ फर्मवेअरचा न्हाय, सर." ऑफिसात तिच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

गेलो आत. चूक माझी, ड्रायव्हर चोख, असं सांगून टाकलं. साहेबांनी तिला तिथेच कायम केलं. बाहेर येऊन मी दुरुस्तीची नोंद टाइप करायला बसलो, सवयीने स्वतःचं नाव घातलं. ती मागेच उभी होती.

"चूक तुमची होती सर, दुरुस्ती माझी आहे," ती शांतपणे म्हणाली.

मी नाव खोडलं आणि उठून तिला खुर्ची दिली.