तोड होईस्तोवर मरायचं नाही

माझं लिव्हर गेलंय असं सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते मटणाचं. खाऊ का नको? डॉक्टर म्हणाला, "मटणाचं नंतर बघू. दारू आजपासून बंद, आणि मीठ बंद."

दारूचं मी समजू शकत होतो. पीत होतो, खोटं कशाला सांगू. त्यात आधी दोनदा कावीळ होऊन गेलेली आणि दोन्ही वेळेला झाडपाल्यावर भागवलेलं. पण मिठानं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

बायको शेजारी उभी होती. तिनं मिठाचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "किती दिस हाईत ह्यांचं?"

"बाई, लिव्हर दगडासारखं घट्ट झालंय. सहा महिन्यांत जाईल, नाहीतर वीस वर्षं जगेल. पथ्य पाळलं तर काही सांगता येत नाही. नाही पाळलं तर सांगता येतं."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी चाळिशीच्या आसपास. आमचं गाव कुंडलच्या बाजूला. जमीन दोन तुकड्यांत, एक विहिरीजवळ आणि एक ओढ्यापलीकडं. बायको मेढ्याकडची, डोंगरातली. तिच्या माहेरी भात आणि नाचणी, चार महिन्यांत पीक घरात. लग्न होऊन आली तेव्हा ऊस बघून म्हणाली होती, "ह्यो कवा निघायचा? तवर माणूस म्हातारं हुईल की."

आणि तीच बाई त्या दिवशी सांगलीहून गावापर्यंत एसटीच्या खिडकीतनं लोकांचा ऊस बघत आली. उतरताना म्हणाली, "इहिरीजवळ आडसाली लावायची."

आडसाली ऊस म्हणजे आषाढ-श्रावणात लावायचा आणि दीड वर्षानं तोडायचा. मी मनात ज्वारी धरली होती. म्हटलं, आपण असू-नसू, लवकर मोकळं होईल असं काहीतरी पेरावं. सहा महिन्यांचा माणूस मी, आणि ही दीड वर्षाचं पीक लावणार! थोरला भाऊ मुद्दाम घरी आला. मला म्हणाला, "गड्या, तिला समजाव की रं. उद्या तुझं बरंवाईट झालं, तर उभ्या उसात बाई एकटी, पदरात एवढंसं पोर, काय करंल?"

चुलीपासून आवाज आला. "आवं दादा, बरं झालं तर हुंद्या. वाईट व्हायला तोड झाल्याबिगर सवड न्हाई म्हणावं."

श्रावणात लावण झाली. कारखान्याचा माणूस उसाची नोंद घ्यायला आला. नाव कुणाचं घालू म्हणून त्यानं हळूच भावाकडं बघितलं. बायको म्हणाली, "ह्यांचंच घाला. दुसरं कुणाचं न्हाई." तो माणूस माझ्या पिवळ्या डोळ्यांकडं बघत बघत लिहीत होता. मी त्याला म्हटलं, "नीट लिव. खोडायला लागंल आसं लिवू नगंस."

मग पाव्हण्यांची रांग लागली. आमच्याकडं रीतच आहे. माणूस चालला असं कळलं की सगे-सोयरे शेवटचं भेटून जातात आणि येताना त्याच्या आवडीचं आणतात. माणसाची इच्छा मागं राहू नये. उशाला बसायचं, डोळ्याला पदर लावायचा आणि विचारायचं, "काय खावंसं वाटतंय?" चाळीस वर्षं धडधाकट होतो तेव्हा कुणी एकदा हे विचारलं नव्हतं. मरायला टेकलो आणि पुरणपोळ्या, शेंगदाण्याचे लाडू, घरच्या म्हशीचा खरवस, सगळं चालत घरी यायला लागलं. एका मावशीनं बकऱ्याचं काळीज भाजून आणलं. "काळजाला काळीजच लागतं," म्हणाली. बायकोनं एक तुकडा चाखला, खारट लागला. तिनं ताट वाढलं आणि मावशीलाच बसवलं. "खावा मावशी, तुमालाच शक्ती पायजे, लांबनं आलाय."

गोड यायचं ते मला मिळायचं. खारट दाराच्या आत यायचं नाही. आमटी अळणी, भाजी अळणी. जिभेला पाटीवरचा खडू चाटल्यासारखं वाटायचं.

मग माझी धाकटी बहीण आली विट्याहून. तिचा नवरा लांब कुठल्याशा शहरात सोनं गाळायच्या दुकानात. ती वेशीपासूनच रडत आली. मी म्हटलं, "अगं हळू, अजून हाय मी."

"आण्णा, काय खावंसं वाटतंय?"

बायको पाणी आणायला गेलेली. मी डोळे अर्धे मिटले, आवाज खोल नेला. हे मला आता चांगलं जमायला लागलं होतं. "सुकट," म्हटलं. "आणि लिंबाचं लोणचं. जुनं. एवढंच ऱ्हायलंय बघ."

बिचारी परत विट्याला जाऊन दोन दिवसांत डबा घेऊन आली. तो मी अंथरुणाखाली ठेवला. भाकरीत लपवून आठ दिवस खाल्लं. काय सांगू, त्या आठ दिवसांत मला आजारी असल्याचं दुःख नव्हतं.

पण डॉक्टरनं बायकोला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. रोज सकाळी माझ्या नडगीवर अंगठा दाबायचा. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी धरलंय समजायचं. खुरपून खुरपून तिचा अंगठा लाकडासारखा झालेला. नवव्या दिवशी तिनं दाबला, काढला आणि खड्ड्याकडं बघत बसली.

"ह्ये काय?"

"काल जरा जास्त चाललो."

"चालून मीठ लागतंय व्हय अंगाला?"

डबा सापडायला तिला वेळ लागला नाही. बहीण तेव्हा घरातच होती. बायको डबा घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. "भावाला भेटाय आलायसा का वाटंला लावाय?"

"वैनी, त्येची इच्छा ऱ्हाईल की वं!"

"ऱ्हाऊ द्या. इच्छा ऱ्हायली तर मानूस बी ऱ्हाईल."

मग माझ्याकडं वळली. मला वाटलं रडेल. कसलं काय! म्हणाली, "मरायचं तर मरा. मी काय आडवी येत न्हाई. पण तोड होईस्तोवर न्हाई. ऊस तुमच्या नावावर हाय, त्या कारखान्याच्या मागं कोण पळंल? तोड झाली की मग काय खायचं ती सुकट खावा."

झालं. तेव्हापासून माझ्या मरणाला तारीख मिळाली. डॉक्टरला जमलं नव्हतं ते हिनं केलं.

वर्ष गेलं. मी काही गेलो नाही. पाव्हणे नाराज व्हायला लागले. एक मामा तीनदा शेवटचा भेटून गेला होता. चौथ्यांदा बाजारात दिसलो तर म्हणाला, "रं, तू अजून हायस व्हय?" मी म्हटलं, "मामा, तोड झाली की सांगावा धाडतो."

पण दुसऱ्या आषाढात पोट फुगलं. पखवाजासारखं ताणलं, आडवं झोपता येईना. पुन्हा सांगली. डॉक्टरनं सुई घालून पाणी काढलं, खाली बादली. त्या बादलीत बघून मला वाटलं, संपलं आता. रात्र-दिवस कळत नव्हता. बायको एक दिवसाआड एसटीनं यायची. खाटेजवळ आली की कसं वाटतंय वगैरे काही नाही. पहिला शब्द, "सोळा." पुढच्या खेपेला, "सतरा." नडगी दाबायची आणि भाकरी सोडायची.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. तो म्हणाला, "बाई, कुणाचं वय सांगता? लेकीचं लगीन काढलंय का?"

"न्हाई वं. उसाच्या कांड्या मोजून येत्ये."

म्हातारा मला म्हणाला, "तुला मराया द्यायची न्हाई ही बाई." मी म्हटलं, "देणार हाय. पौषात."

अशातच एक दिवस तिनं पिशवीतनं कागद काढला. "कारखान्याचा हाय. सही करा." मी तिसरीपर्यंत शिकलेला, त्यात डोळ्यापुढं अंधारी. तिला तर अक्षरही येत नव्हतं. मला वाटलं, तोडीचा काही कागद असेल. केली सही.

पोट उतरलं. घरी आलो. काठी आली हातात, पण आलो.

पौषात तोडणीची टोळी आली. मी बांधावर चादर घेऊन बसलो. कोयते चालले होते, ऊस आडवा पडत होता, आणि जसजसं रान मोकळं होत होतं तसतसा मी उरलेल्या सऱ्या मोजायला लागलो. दीड वर्ष मी ह्या दिवसाची थट्टा केली होती. आता शेवटची सरी राहिली तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा रं, एवढी ठेवा. गाडी भरून निघून गेली. रानात नुसतं पाचट.

बायको आली. "रडताय व्हय?"

"डोळ्यात कायतरी गेलं." मग मीच म्हटलं, "झाली तोड. आता मला मोकळीक हाय म्हणायची."

ती एवढी हसली की पदर तोंडात घालावा लागला. माझा हात धरून उठवलं, ओढ्यापलीकडं नेलं. तिकडं मी आजारपणापासून गेलो नव्हतो. बघतो तर डोक्याच्या वर गेलेला ऊस, पानं सळसळतायत.

"ह्यो कुणाचा?"

"तुमचा. तुमच्याच नावावर हाय. सांगलीत सही केलीसा ती कशाची वाटली?" उसाला हात लावून म्हणाली, "ह्यो तुटायला अजून एक वरीस हाय. चला घरी, ऊन लागंल."

आणि सुकट? विचारलं मी. "तोड झाल्यावर," म्हणाली.

तिची युक्ती मला मग कळली. एक तुकडा तुटायच्या आत दुसरा लागलेला असायचा. रान दोन्हीकडं एकदम मोकळं तिनं कधी होऊ दिलं नाही. अशी तीस वर्षं गेली. लिव्हर काही नवं झालं नाही, अजून तसंच दगडासारखं आहे, पण मी आहे. डॉक्टर गेला. थोरला भाऊ गेला. तीनदा भेटून गेलेला मामाही गेला, त्याला मी एकदाच भेटून आलो.

मागच्या वैशाखात बायको गेली. आदल्या दिवशी खुरपत होती. सकाळी माझी नडगी दाबली, चहा ठेवला आणि छातीला हात लावून खाली बसली. तिला कुणी काय खावंसं वाटतंय विचारायला वेळच मिळाला नाही. तीस वर्षांत ऊस प्रत्येक वेळी माझ्या नावावर. ओढ्याचा तुकडा तिच्या नावावर करून एखादी नोंद तिचीही घालता आली असती. माझ्या डोक्यात कधी आलं नाही. उभा ऊस असला की माणूस जात नाही हे तिनं मला शिकवलं, आणि तिच्यासाठी मी एक सरीसुद्धा लावली नाही.

दहावा-तेरावा झाल्यावर मी बाजारातनं सुकट आणली. सुनेनं केली. तीन दिवस खाल्ली. चवच लागेना, नुसतं मीठ. चौथ्या दिवशी सकाळी स्वतःच नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. बराच वेळ तसाच राहिला. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी काही म्हणतंय का. उरलेली सुकट मी मांजराला घातली.

श्रावण आला. मुलगा म्हणाला, "आबा, ओढ्याकडं हरभरा करू. आता ह्या वयात आडसाली कशाला?"

"आडसालीच."

नोंदीला नवा माणूस आला. "नाव कुणाचं?"

मी बायकोचं नाव सांगितलं. त्यानं मुलाकडं बघितलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आबा, आता न्हाई घालता येत."

"ठावं हाय मला," म्हटलं. "मग माझंच घाल. नीट लिव."

आता मीठ बंद आहे. सकाळी अंगठा मीच दाबतो, माझ्या अंगठ्याला तिच्यासारखा जोर नाही. ऊस कांडी धरायला लागलाय. परवा ओढ्याकडं जाऊन मोजल्या. वाटेवर कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं सांगितलं, "चार."