चौदा नंबरचा खांब

पार्कातल्या खुल्या रंगमंचाचा सुतार तोंडात कायम चार खिळे धरून असायचा, काम असो वा नसो. त्यामुळे तो बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते दातांच्या फटीतून. त्याची बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा असतील तोंडात. मी दिवा लावून बघितलं नाही एवढंच." लोक त्याला गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं सुतारांचं हत्यार असतं ना, तो गुण्या. बसणाऱ्याला कळणारही नाही असा बाकाचा तिरकेपणा त्याला दहा पावलांवरून दिसायचा, आणि एकदा दिसला की अख्खं बाक उचकटून पुन्हा ठोकल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. या सरळ माणसानं आयुष्यात एकच तिरकं काम केलं होतं, आणि ते रंगमंचाच्या पोटात चोवीस वर्षं सुखानं लपून राहिलं होतं.

ते काम जादूगाराचं. तेव्हा पार्कात रोज संध्याकाळी जादूगाराचा खेळ असे. रंगमंच चोवीस खांबांवर उभा, खालची बाजू सगळी उघडी. जादूगार प्रेक्षकांतल्याच चारपाच जणांना बोलावून खाली वाकायला लावायचा. "बघा बुवा नीट! खांब सोडून काही आहे का?" काही नसायचं. मग त्याची बायको त्याला मंचावरच्या पेटीत बंद करायची, दहापर्यंत मोजायची, आणि तेवढ्यात तो सगळ्यात मागच्या रांगेतून टाळ्या वाजवत खाली उतरायचा. लोक वेडे व्हायचे. दुसऱ्या गावचे जादूगार तिकीट काढून यायचे, खाली शिरून एकेक खांब ठोकून बघायचे आणि मान हलवत परत जायचे.

खरी गंमत अशी की जादूगार जायचा खांबातूनच. पार्क दोन महिने बंद असताना त्यानं आणि गुण्यानं मिळून चौदा नंबरचा सिमेंटचा खांब फोडून काढला आणि त्याच्या जागी गुण्यानं प्लायवूडचा पोकळ खांब उभा केला. दुहेरी भिंती, मध्ये ठासून वाळू, म्हणजे ठोकला तरी आवाज भरीव यावा. वरून जाळी मारून सिमेंटचा गिलावा, गिलाव्यावर इतर खांबांवर होते तसेच शेवाळाचे डाग. आत लोखंडी पायऱ्या, खाली जुन्या पाइपातून मागच्या रांगेपर्यंत वाट. जादूगार अंगानं काडी, सळसळत जायचा. वरचा भार पेलायला गुण्यानं आजूबाजूच्या खांबांवर दोन तुळया आडव्या टाकल्या होत्या. एक जादूगार, त्याची बायको आणि एक पेटी यांना त्या पुरून उरायच्या.

काम झालं त्या दिवशी जादूगारानं गुण्याचा हात त्याच्याच हातोडीवर ठेवला. "जिच्यावर पोट भरतोस तिची शपथ घे. बायकोलासुद्धा सांगायचं नाही."

"आणि वहिनींना?"

"तिला मीही सांगणार नाही. ती दहा मोजताना घाबरते ना, ते खरं घाबरणं आहे. लोक तेच बघायला येतात."

गुण्यानं शपथ घेतली आणि पाळली. बारा वर्षांनी जादूगाराचे हात थरथरायला लागले, खेळ बंद झाला, पेटीखालची मंचातली झडप गुण्यानं खिळे मारून कायमची बंद केली. पुढे मंचावर बाहुल्यांचे खेळ झाले, गाण्याचे कार्यक्रम झाले, सगळा हलका मामला. खांब कुणाच्या डोळ्यावर आला नाही. मग पार्काच्या मालकांनी ठरवलं की नाट्यगृह नवं करायचं. नव्या बाकांच्या रांगा, डोक्यावर कापडी छत, फिरता मंच, बत्तीस नर्तकांचा नाच. जुना मंच मुळापासून उखडायचा, असं नकाशात होतं. गुण्याला हायसं वाटलं. झाकली मूठ झाकलेलीच ढिगाऱ्यात जाणार होती. शिवाय काम नीट पार पडलं तर नव्या मंचाचा मुकादम म्हणून त्यालाच ठेवू, असा शब्द मॅनेजरनं दिला होता.

आणि मग त्याला ताप आला. फक्त तीन दिवस. चौथ्या दिवशी तो कामावर आला आणि फाटकातच थांबला. जुना मंच होता तिथेच होता, आणि त्याच्या डोक्यावर नवा लोखंडी सांगाडा चढून बसला होता.

"वेळ कमी पडत होता, मामा," इंजिनीअर बाई म्हणाली. तिशीची, पायात मोठे बूट, कानामागे पेन्सिल. "जुने खांब दणकट निघाले. मग कशाला पाडायचे? नव्या सांगाड्याचे चोवीस पाय बरोबर चोवीस खांबांवर उतरवलेत. आज चार वाजता सगळ्यांना घेऊन तालीम."

गुण्यानं वर पाहिलं. मंच फिरवणारी मोटर बसवली होती ती चौदा नंबरच्याच डोक्यावर.

"मॅडम, खांब... खांब एकदा बघून घेतले असते तर..."

"बघितले की. प्रत्येक खांब मी स्वतः ठोकून बघितलाय. चौदा नंबरवर मोटर येणार म्हणून तो तर दोनदा ठोकला. सगळ्यांत भरीव तोच आहे."

कुणी कामात चूक काढली तर माणूस भांडतो तरी. इथे स्वतःच्याच कामाची तारीफ ऐकून गुण्याचं धाबं दणाणलं. ताकाला जाऊन भांडं लपवत तो उभा राहिला. बाई नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघून गेली.

तो विजेरी घेऊन मंचाखाली शिरला. चौदा नंबरच्या गिलाव्याला उभी चीर गेली होती, केसाएवढी. तळाशी वाळू पडली होती. चमचाभर. त्यानं ती बोटानं सारून जमीन साफ केली आणि बाहेर आला. अकरा वाजले होते. दुपारी जेवणाचा डबा न उघडता तो पुन्हा आत गेला, तर तिथे ओंजळभर वाळू होती.

त्यानं जादूगाराला फोन लावला. जादूगार आता पार्काच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहायचा, अंथरुणाला खिळलेला, कानानं ठार बहिरा. फोन वहिनींनी उचलला.

"काय रे, बरा आहेस का? ताप उतरला?"

"उतरला. वहिनी, दादांना जरा विचारायचं होतं."

"त्यांना फोनवर ऐकू कुठे येतं? मला सांग, मी कानात ओरडून विचारते."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जी गोष्ट वहिनींपासूनच लपवायची तिची परवानगी वहिनींच्या तोंडून कशी मागायची? "काही नाही. संध्याकाळी येतो," म्हणत त्यानं फोन ठेवला. शपथ काय आणि बत्तीस जीव काय, याचा हिशेब शाळेतलं पोरही सांगेल. पण चोवीस वर्षं एखादी गोष्ट गिळून बसलेल्या माणसाला ती ओकणं तितकं सोपं नसतं. आणि खोटं कशाला बोला, मुकादमाची जागाही त्याच्या डोळ्यांसमोर होतीच. खांबाचं नाव काढलं की ती गेली, हे त्याला दिसत होतं. स्वतःचाच राग येऊन त्यानं खिळा इतका जोरात चावला की दाढ ठणकली.

तीन वाजता त्यानं मॅनेजरला गाठलं. "साहेब, मोटर आवाज करतेय. आजची तालीम उद्यावर टाकू."

"मोटर अजून सुरूच केली नाही," मॅनेजर म्हणाला. "ताप डोक्यात गेलाय का तुमच्या? घरी जाऊन पडा."

पावणेचारला नर्तक आले. हसत, एकमेकांना ढकलत. एक मुलगी मंचाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधू लागली. एक नाडी तुटली, तिनं गाठ मारली, गाठ ओढून बघितली, मनासारखी बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली. गुण्या तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्याशा नाडीची ती खात्री करून घेत होती, आणि पायाखालच्या मंचाची खात्री तिनं दुसऱ्यावर सोपवली होती. त्याच्यावर.

तो पुन्हा मंचाखाली गेला तेव्हा वरून नाचाच्या मास्तरांचा आवाज आला, "जागेवर! आधी मोजून करू. पाच, सहा, सात, आठ!" चौसष्ट पाय एकदम आपटले. चौदा नंबरच्या चिरेतून वाळूची धार लागली. पुन्हा पाय आपटले. आडव्या तुळयांपैकी एक कण्हली. लाकडाचा तो आवाज गुण्याला माणसाच्या आवाजापेक्षा जास्त कळायचा.

तो बाहेर कसा आला ते त्याचं त्याला कळलं नाही. गुडघे सोलवटून घेत तो मंचावर चढला, नाचणाऱ्यांच्या मधोमध उभा राहिला आणि तोंडातले चारही खिळे थुंकून टाकले.

"उतरा! सगळे खाली उतरा! उड्या मारू नका, पळू नका, कडेकडेनं उतरा!"

त्याचा एवढा मोठा आवाज पार्कात कुणी कधी ऐकला नव्हता. नर्तक मुकाट उतरले. नाडीवाली मुलगी मधेच थांबली, तिला त्यानं दंडाला धरून कडेला नेलं. मॅनेजर धावत आला. "काय चाललंय हे? कुणाला विचारून थांबवलंत?"

गुण्या इंजिनीअर बाईकडे वळून म्हणाला, "मॅडम, विजेरी घेऊन या माझ्याबरोबर."

मंचाखाली तिला चार हात लांब उभं करून त्यानं हातोडी काढली. तीच हातोडी. दांडा दोनदा बदलला होता, डोकं तेच. "दादा, माफ करा," असं तो पुटपुटला आणि त्यानं खांबाच्या कमरेत घाव घातला. गिलाव्याचा पोपडा उडाला. दुसऱ्या घावाला प्लायवूडच्या दोन्ही भिंती फुटल्या आणि आतली वाळू भसाभसा बाहेर आली. बाईनं विजेरीचा झोत टाकला. आत काळोख, गंजलेल्या लोखंडी पायऱ्या आणि एका खिळ्याला अडकलेली लाल रेशमी कापडाची चिंधी.

बाई धुळीत गुडघे टेकून आत बघू लागली. वर रिकाम्या मंचावर मोटरीच्या वजनानं सांगाडा एकदा कुरकुरला.

"हे... हे कुणी केलं?"

"मी."

तासाभरात लोखंडी टेकू आले, मोटर क्रेननं उचलली. तालीम दहा दिवस पुढे गेली. मॅनेजरनं गुण्याला खोलीत बोलावलं, मात्र बस म्हणाला नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच बोलला. तेही बरोबरच होतं. इंजिनीअर बाई बाहेर उभी होती. तिनं गुण्याची हत्यारांची पेटी उचलली आणि फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत आली.

गुण्या घरी गेला नाही, थेट जादूगाराकडे गेला. ऊन उतरलं होतं. वहिनींनी दार उघडलं आणि त्याच्या अंगावरचं सिमेंट बघून पाण्याचा तांब्या पुढे केला. तो प्यायला नाही. पलंगाजवळ जाऊन उभा राहिला.

"दादा, मी शपथ मोडली."

"काय?" जादूगारानं कानामागे हात धरला.

"शपथ मोडली!"

"मोठ्यानं बोल!"

आता जे चोवीस वर्षं मनातसुद्धा मोठ्यानं बोलायची चोरी होती, ते त्याला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावं लागलं. "खांब पोकळ होता ते सांगितलं मी! चौदा नंबरचा! तुम्ही आतून जायचात ते! त्याच हातोडीनं फोडला! नाहीतर पोरं मेली असती!"

शेजारच्या खिडकीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. वहिनी तांब्या हातात धरून तशाच उभ्या होत्या. जादूगार छताकडे बघत होता. त्याची थरथरणारी बोटं चादरीवर चाळवत राहिली. गुण्या मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होता. त्या मिळाल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"कुणाला सांगितलंस आधी?" जादूगारानं विचारलं.

"इंजिनीअर बाईला."

"तिला आधी कळलं नव्हतं?"

"नाही!"

"ठोकून नाही बघितला तिनं?"

"बघितला! दोनदा!"

"दोनदा?" जादूगार उशीवरून उठायला बघू लागला. "दोनदा ठोकला? आणि?"

"म्हणाली, सगळ्यांत भरीव हाच आहे!"

जादूगाराचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तो हसत होता की रडत होता हे सांगणं कठीण होतं. त्यानं गुण्याचा सिमेंटनं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि त्या पकडीत त्याची थरथर जराशी थांबली.

"इंजिनीअर ना रे ती? शिकलेली?" तो म्हणाला. "परत सांग. पहिल्यापासून. सावकाश सांग."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्या पलंगाशी येऊन बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मोठ्यानं सांग हो," त्या गुण्याला म्हणाल्या. "बारा वर्षं रोज दहा मोजलेत मी."