गायब ड्राइव्ह आणि काकाजींची चौकशी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशयी माणूस नागपुरात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका निर्मळही नसेल. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. त्यांची सारी नोकरी विमा कार्यालयात दाव्यांची चौकशी करण्यात गेली. कुणाचं दुकान जळालं, कुणाचा ट्रक उलटला की काकाजी तिथे जायचे आणि आधी काय झालं, त्याच्या आधी काय झालं, त्याच्याही आधी काय झालं, हे विचारत बसायचे. निवृत्तीनंतर दुकानं आणि ट्रक सुटले, सवय सुटली नाही. 'आपोआप' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "आपोआप फक्त भिंतीचे पोपडे निघतात," ते म्हणतात, "अन् तेही रंगवाल्यानं घाई केली म्हणून."

सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी दूध नासलं तर आधी चौकशी होते आणि मग चहा होतो, तोही काळा. एका मे महिन्यात कूलरचा पंप बंद पडला. घरात पाहुणे घामानं निथळताहेत आणि काकाजी एकेकाला शांतपणे विचारताहेत, टाकीत पाणी शेवटचं कुणी भरलं, बादलीनं की पाइपनं, बादलीत त्याआधी काय होतं. शेवटी पंपात हरभऱ्याची सालं सापडली. पाहुण्यांपैकी एक बाई पुन्हा त्या घरी आल्या नाहीत. काकाजींच्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नात ऐन वरातीच्या वेळी मांडवातले दिवे गेले, तेव्हा नवरदेव दारात घोड्यावर ताटकळत होता आणि वधूपिता मागच्या बाजूला जनरेटरवाल्याची साक्ष घेत उभे होते. कुणीतरी बोलवायला गेलं, तर म्हणाले, "घोडा काही तक्रार करून राहिला काय? मंग थांबा." मावशीनं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती न केलेला गुन्हासुद्धा लगेच कबूल करून टाकायची, म्हणजे जेवणं वेळेवर व्हायची.

गेल्या वर्षी मावशीचा उजवा हात अधूनमधून बधिर पडायला लागला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एमआरआय झाला. डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, मंगळवारी कवटी उघडावी लागेल, सोमवारी भरती व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रश्मी हैदराबादला असते. तिनं तिथल्या एका नावाजलेल्या मेंदूच्या सर्जनला गाठलं. नुसता अहवाल वाचून मी मत देत नाही, ते म्हणाले, चित्रं पाठवा. ती मात्र आजच पाठवा, संध्याकाळच्या विमानानं मी परदेशी निघालोय.

चित्रं डिस्कवर होती. वार रविवार. दवाखान्यात फोन केला, तर चित्रं देणारा माणूस उद्या येईल, असं उत्तर मिळालं. माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नाही, आणि ओळखीत ज्याला ज्याला विचारलं त्याच्याकडेही नाही. फट होती ती फक्त काकाजींच्या जुन्या कम्प्युटरला. दुपारी मी धावतपळत सक्करदऱ्याला पोचलो, डिस्क आत सरकवली, दिवा लुकलुकला. पण पडद्यावर सी होती, डी होती, आणि डिस्कची ड्राइव्ह दिसेचना. कप्पा बटण दाबलं की उघडत होता, बंदही होत होता. कम्प्युटरच्या लेखी मात्र असा कप्पा अस्तित्वातच नव्हता.

मी यंत्र बंद करून चालू केलं. मागच्या तारा काढून पुन्हा बसवल्या. काही फरक नाही. हार्डवेअरच्या यादीत ड्राइव्हचं नाव सापडलं, पण त्यावर पिवळं चिन्ह होतं. रश्मीचा फोन आला, "दादा, पाठवलं का?" मी ड्राइव्ह उपटून पुन्हा बसवायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, तेवढ्यात काकाजींनी माझं मनगट धरलं.

"थांब गा. मले आधी विचारू दे."

माझं डोकं तापलं. "काकाजी, आज नको. आज खरंच वेळ नाही."

"वेळ नाही म्हणूनच," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण हात थंडगार होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि मावशीसमोर बसले. "ह्याच्यावर शेवटी कोण बसलं होतं?"

"मीच," मावशी म्हणाली. "माझ्याच हातानं बिघडलं असन. माझीच चूक हाय."

"तसं नको वं. आज मले जेवायची घाई नाही. जे खरंच केलं तेच सांग."

मावशीनं डोळे मिटले. तिला हल्ली आठवायला थोडा वेळ लागायचा. मी घड्याळाकडे पाहणं टाळत होतो. काकाजी तिच्याकडे टक लावून बसले होते. मग ती सावकाश सांगू लागली. भजनी मंडळासाठी ती पूर्वी डिस्क बनवायची, त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. अलीकडे कम्प्युटर सुरू केला की ते रोज मधे यायचं आणि नवीन घ्या म्हणायचं. कंटाळून तिनं ते काढून टाकलं.

"त्यानंतर कोणती डिस्क लावली?"

"नाही लावली."

काकाजी माझ्याकडे वळले. "भाडेकरू गेला, पण दाराले आपलं कुलूप लावून गेला. शोध."

मी फोनवर नेमकं तेच शोधलं, आणि उत्तर मिळालं. असं सॉफ्टवेअर निघून जातं, पण विंडोजच्या पोटात त्याच्या दोन नोंदी मागे राहतात. त्या सॉफ्टवेअरनं ड्राइव्हवर बसवलेला पहारेकरी त्याच्याबरोबरच गेलेला असतो, पण विंडोज नोंदी पाहून त्याला शोधत बसतं, तो सापडत नाही, म्हणून ड्राइव्ह दाखवत नाही. त्या दोन नोंदी पुसायच्या. खाली इशारा होता की भलतीच नोंद पुसली तर कम्प्युटर सुरूच होणार नाही.

मी आधी त्या भागाची प्रत काढून ठेवली. तरी माझं बोट माउसवर अडलं. काकाजी चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकले आणि फोनवरचं नोंदीचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले. मी पडद्यावर जुळवत गेलो. पहिली नोंद पुसली, दुसरी पुसली, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मावशी पुटपुटली, "माझ्यापायी झालं सारं." काकाजींनी नजर पडद्यावरून न हटवता तिचा हात हातात घेतला. "तू सांगितलं म्हणून सापडून राहिलं," ते म्हणाले. त्यांच्या चौकशीतून कुणी निर्दोष सुटल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पडदा उजळला. सी, डी, आणि त्यांच्या शेजारी ई. डिस्क खरखरत फिरू लागली. चित्रं उतरवून हैदराबादला रवाना केली, तेव्हा सर्जन विमानतळाच्या वाटेवर होते. त्यांनी गाडीतूनच पाहिलं आणि गाडीतूनच फोन केला. गाठ मेंदूत नाही, मेंदूवरच्या आवरणात आहे, साधी दिसतेय. काढावी लागेल, पण मंगळवारी घाईनं नको. ती बोलण्याच्या केंद्राला चिकटून आहे, जपून काढू, मी परत आलो की हैदराबादला या. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

शस्त्रक्रिया नीट झाली. मावशी आता चालते-फिरते, हातही बरा आहे. फक्त शब्द तिच्या तोंडाशी येऊन अडतात.

परवा मी गेलो तेव्हा आम्ही तर्री पोहे घेऊन बसलो होतो. मावशी म्हणाली, "मले ते दे गा... ते..." तिचा हात ताटलीवर थबकला. काय हवंय ते मला कळलं होतं, काकाजींनाही. पण शब्द सुचवू नका, तिचा तिला शोधू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. जन्मभर प्रश्न विचारत आलेला तो माणूस ओठ घट्ट मिटून तिच्याकडे पाहत बसला. पोहे निवत होते.

"चमचा," मावशी म्हणाली.

काकाजी उठून चमचा आणायला आत गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.