कोरा पदर

टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेत एक बाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. अंगावर कडक इस्त्रीची नऊवारी, नाकात टपोरी नथ आणि पदरावर पिठाचा कणसुद्धा नाही.

"अहो, हिनं हात पुसले तरी कुठं?" मी यांना विचारलं.

"मालिका आहे गं. एवढं चालायचंच."

का म्हणून चालायचं? तलवारीची मूठ हुबेहूब हवी आणि लढणाऱ्यांना जेवू घालणारीचा पदर मात्र कोरा! ज्या पदरानं घाम टिपला, गरम पातेलं उतरवलं, पोराचं नाक पुसलं, तो इतिहासात बसत नाही काय?

तेवढ्यात बेल वाजली. माझ्या पदरावरची हळद बघून हे पुटपुटले, "पाहुणे आलेत, साडी बदल."

मी डाग दिसेल असाच पदर खांद्यावर घेतला आणि दार उघडलं.