अकरा बेचाळीसची नोंद

मी भूकंपाच्या नोंदी वाचायचं काम करते. नऊ वर्षं झाली. जमीन हलली तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर यंत्रात बिघाड असतो. यापलीकडे तिसरं काही असतं असं कुणी म्हणालं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवत आले. या सदरातले असले अनुभव माझी भावजय मला मुद्दाम वाचून दाखवायची आणि मी म्हणायचे, "अगं, उंदीर असेल." आता तीच म्हणतेय, तुझं तू लिही, मग बघू उंदीर कुठून आणतेस ते. म्हणून लिहायला बसले. मला स्वतःलाच काही कळलेलं नाही... आणि न कळलेली गोष्ट पोटात ठेवून बसायची मला सवय नाही.

राहते तुंगार्लीत. पुण्यातल्या एका संस्थेचा लहानसा प्रकल्प आहे. मावळातल्या डोंगरउतारांवर चार ठिकाणी जमिनीत भूकंपमापक बसवलेत. बारीक धक्के, खाणीतले सुरुंग, दरडींची हालचाल, सगळं त्यात उमटतं आणि इंटरनेटवरून माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर येतं. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण निवडायचं, तारीख टाकायची, 'शोधा' म्हणायचं. त्या दिवसाच्या ठळक नोंदींची यादी येते, सगळ्यांत मोठी सगळ्यांत वर. तिच्यावर क्लिक केलं की तेवढ्या मिनिटाची रेघ उघडते. मग हा भूकंप, हा सुरुंग, की कुणी अंगणात ट्रॅक्टर वळवला, ते मी ठरवायचं. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे गर्दी लोटली की माझ्या सगळ्या रेघा जाड होतात, इतकं ते यंत्र तिखट कानाचं आहे.

त्यातलं एक यंत्र औंढ्यात सोपानआबांच्या घरी आहे. आबांची भातशेती आहे, वय सत्तरीच्या आसपास. घरात ते आणि त्यांच्या पत्नी यमुनामावशी, दोघंच. पडवीच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन आम्ही यंत्र बसवलं तेव्हा मावशींनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. मी नाक मुरडलं, पण पुसलं नाही. घरामागे दहा पावलांवर गोठा आणि गोठ्याच्या मागे ताल. ताल म्हणजे उताराची माती धरून ठेवायला दगडावर दगड रचून घातलेली भिंत, पुरुषभर उंच. आबांच्या वडिलांनी घातलेली.

आमच्या कामात एक साधी पद्धत आहे. यंत्र जिवंत आहे का हे बघायला तिथल्या माणसाला फोन करायचा आणि यंत्राशेजारी तीन उड्या मारायला सांगायचं. स्क्रीनवर तीन टोकं दिसली की झालं. या वयात आबांना उड्या मारायला लावताना मला ओशाळायला व्हायचं, पण त्यांना त्यात भारी मजा. "म्होरच्या वक्ताला म्हशीलाच उडवतो, ताई," म्हणायचे.

आता गेल्या श्रावणातली गोष्ट. माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवा आला होता. त्यावर सॉफ्टवेअर टाकलं, सगळं जोडलं, आणि एक गोष्ट राहून गेली. जगातली सगळी भूकंपयंत्रं एकाच घड्याळावर चालतात, ग्रीनिचच्या. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जुन्या कॉम्प्युटरवर मी सेटिंग करून आपली भारतीय वेळ दाखवायला लावली होती. नव्यावर ते करायचं विसरले. ही चूक आमच्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात करतात आणि माझ्या शिव्या खातात. मी ती नऊ वर्षांनी केली.

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन दिवस पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, शेजारी कुणीतरी गाद्या वाळत टाकल्या होत्या. मी औंढ्याची आजची तारीख टाकली. यादीत सगळ्यांत वर एक मोठी नोंद. वेळ अकरा बेचाळीस, सोळा सेकंद. उघडली. आधी चार बारीक ठोके, मग एक जबर धक्का, मग लांब खरखर. भूकंप जितका दूर, तितकं पहिल्या आणि दुसऱ्या लाटेत अंतर जास्त. इथे अंतर जवळजवळ नव्हतंच. म्हणजे जे झालं ते यंत्राच्या उशाशी झालं. आणि ते चार ठोके मी ओळखते. दगड सुटायला लागले की तसे येतात.

माझ्या सवयीप्रमाणे वेळ वहीत पेन्सिलीनं लिहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. लगेच आबांना फोन लावला.

"आबा, मघाशी काय कोसळलं तिकडे?"

"कुटं काय? काय न्हाई."

"पावणेबाराच्या सुमाराला. घरामागे. ताल बघा बरं."

"आवं, मी सकाळपासनं हितंच हाय. गोठा झाडला, शेण भरलं. काय पडलं आसतं तर मला दिसलं नसतं व्हय?"

"आबा, यंत्रात आलंय. मोठं आलंय. तुम्ही मागे जाऊन बघून या."

गेले बिचारे. आले. "ताल हाय तशी हाय. एक खडा हाललेला न्हाई."

आता इथे माझा स्वभाव आडवा आला. मला कुणी 'तुझं यंत्र चुकलं' म्हटलेलं सहन होत नाही. मी म्हटलं, वरून दिसत नसेल, आतून सरकली असेल, म्हैस तिथून आत्ताच्या आत्ता हलवा. मावशींना म्हणावं गोठ्यात पाय ठेवायचा नाही. आबा वैतागले. म्हैस चारच दिवसांपूर्वी व्यालेली, ती आणि रेडकू दोन्ही हलवायचं, वैरण हलवायची, पुढच्या अंगणात खुंटा ठोकायचा. म्हणाले, "ताई, तुमी लय शिकल्याल्या, पन म्हशीचं तुमास्नी काय ठावं?" मग मावशींचा मागून आवाज आला, "आवं, एवढं म्हनत्यात तर बांधा की म्होरं. आपलं काय जातंय?" तेव्हा कुठे हो म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की निव्वळ माझं मन राखायला.

दहा मिनिटांनी मी परत फोन केला आणि म्हटलं, तीन उड्या मारा. मला दाखवून द्यायचं होतं की यंत्र ठणठणीत आहे. आबांनी मारल्या. मी स्क्रीनवर बघत होते. तीन टोकं आली, स्वच्छ. त्यांच्याखाली वेळ होती सहा चोपन्न.

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग लक्षात आलं आणि कानशिलं तापली. हे ग्रीनिचचं घड्याळ. आत्ता तिथे सहा चोपन्न, आपल्याकडे बारा चोवीस. मग अकरा बेचाळीस म्हणजे आपली संध्याकाळची पाच वाजून बारा मिनिटं. जी अजून व्हायची होती.

घाईघाईनं पुन्हा शोध घेतला. तेच ठिकाण, तीच तारीख. यादीत सगळ्यांत वर आबांच्या उड्या. अकरा बेचाळीसची नोंद नाहीच. रेघ सहा पंचावन्नला संपत होती, जशी संपायला हवी. कालची तारीख टाकली, परवाची टाकली. नाही. बाकीची तीन ठिकाणं बघितली. नाही. वहीत मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं? फोन उचलायचा, "आबा, माझीच चूक झाली, म्हैस नेऊन बांधा जागेवर" म्हणायचं. मी फोन हातात घेतलाही. पण एवढी हुज्जत घालून, त्या म्हाताऱ्याला उन्हात खुंटे ठोकायला लावून लगेच माफी मागायची... जिवावर आलं. खरं सांगते, भीती वगैरे काही नव्हती. लाज होती. म्हटलं, संध्याकाळी सांगू. जेवले. भांडी घासली. डोकं मात्र तिथेच अडकलेलं. नवा कॉम्प्युटर आहे, कसलीतरी जुनी फाईल उघडली असेल, अशी मी स्वतःची समजूत काढत होते.

आणि तरीही पाच वाजता मी चहाचा कप घेऊन स्क्रीनसमोर जाऊन बसले. का बसले, विचारू नका. मला स्वतःलाही मूर्खपणा वाटत होता. रेघ पुढे सरकत होती. अकरा चाळीस. अकरा एक्केचाळीस. मग चार बारीक ठोके आले.

धक्का आला तेव्हा मी खाली वेळ बघितली आणि वहीत बघितलं. अकरा बेचाळीस, सोळा सेकंद. मग तीच लांब खरखर.

आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मावशी रोज पाचच्या सुमारास धार काढायला बसतात हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे, कारण तेव्हा म्हैस पाय आपटते आणि माझ्या रेघेवर बारीक टोकं येतात. गोठ्यात, तालीकडे पाठ करून बसतात त्या. मी फोन लावत होते आणि मोठ्यानं "उचला, उचला" म्हणत होते. आबांनी म्हैस परत मागे नेली असेल तर? त्यांचा काय विश्वास होता माझ्यावर?

कितव्यांदा ते आठवत नाही, पण फोन उचलला गेला. मावशी होत्या.

"ताई, ताल आली वो खाली. समदा गोठा आडवा झाला. पत्रं, वासं, दावन... समदं दगडाखाली."

"तुम्ही कुठे आहात, मावशी?"

"मी हितं म्होरं. धार काढीत व्हते की अंगनात. तुमी म्हनला व्हता ना."

मी खुर्चीवर बसून रडले. मावशी तिकडून मलाच समजावत होत्या, "आवं रडता कशापायी, मानसं हायती, म्हस हाय, रेडकू हाय."

दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेले. गोठ्याच्या जागी दगडमातीचा ढीग होता. मावशींचा बसायचा पाट त्यातून आबांनी उकरून काढला होता, दोन तुकडे झालेला. आबा माझ्याकडे बघेनात. मग हळूच म्हणाले, "लय बोललो मी तुमास्नी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्याच्या संस्थेतल्या सरांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ, हसले नाहीत. म्हणाले, यंत्राचं घड्याळ कधीकधी चुकतं. मी म्हटलं, सर, घड्याळ चुकेल, पण न पडलेल्या दगडांचा आवाज कुठून येईल? मग म्हणाले, तू ती वेळ नंतर लिहिली असशील, धक्क्यात असं होतं. मी वही दाखवली. अकरा बेचाळीसची ओळ वर, आबांच्या उड्यांची त्याच्या खाली. आणि दुपारी सव्वाबाराचा माझा फोन आबांच्याही मोबाईलमध्ये दिसतो. सरांनी वही दोनदा बघितली, चष्मा पुसला आणि विषय बदलला. कॉम्प्युटर संस्थेच्या मुलांनी तपासला. त्यात काही सापडलं नाही.

गावात आता माझं यंत्र आधी सांगतं अशी बोलवा आहे. एकदोघांनी विचारलं, ताई, आमच्या मागची दरड बी बगा की जरा. त्यांना काय सांगू? त्यानंतर आजतागायत एकही नोंद तशी आलेली नाही. रोज सकाळी मी चारही ठिकाणं आधी तेवढ्यासाठीच बघते.

मला छळतं ते वेगळंच आहे. मी जर माझं काम नीट केलं असतं, सेटिंग व्यवस्थित असतं, तर त्या नोंदीखाली मला सरळ संध्याकाळचे पाच बारा दिसले असते. भर दुपारी संध्याकाळची वेळ. मी म्हटलं असतं, बिघाड आहे, आणि खोडून टाकलं असतं. आबांना फोन केलाच नसता. आणि चूक कळल्यावर मी प्रामाणिकपणे लगेच फोन केला असता, तर म्हैस दीड वाजेपर्यंत पुन्हा गोठ्यात गेली असती. दोन्ही वेळा मी बरोबर वागले असते तर... पुढचं मला लिहवत नाही.

दिवाळीत फराळ घेऊन गेले तेव्हा हे सगळं मावशींना सांगून टाकलं. ग्रीनिचचं घड्याळ त्यांना किती कळलं देव जाणे, पण माझी चूक झाली होती आणि मी ती लपवली, एवढं कळलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "आसूं द्या. आता ती सुधरू नगा."

ते सेटिंग दोन क्लिकचं काम आहे. वर्ष होत आलं. मी अजून रोज बोटांवर साडेपाच तास मोजते.