चौकटीत लिहिलेली अक्षरं

लग्नातला एक सोडला तर माझा फोटो कधी कुणी काढला नव्हता. म्हणून डाळिंबाच्या बागेत फोटोवाला आला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. मी वरच्या मुरमाड पट्ट्यात फळं तोडत होते. धाकटे दीर त्याला घेऊन आले आणि लांबूनच ओरडले, "वहिनी, तितंच उभ्या ऱ्हावा! फांदी धरा. इंटरनेटवर टाकायचाय फोटो."

मी पदर पुढं ओढला. एका हातात फांदी, दुसऱ्या हातात कात्री. फोटोवाला म्हणाला, "बाई, वर बघा." मला वर बघवेना. दोनतीनदा चक चक आवाज झाला आणि दीर म्हणाले, "झालं. आता च्या टाका." मी कात्री तिथंच झाडाखाली ठेवली आणि घरी आले. चहा गाळताना बागेतून धाकट्या जावेचं हसणं ऐकू येत होतं. मला वाटलं, फोटोवाल्यानं काहीतरी गंमत केली असेल.

ती बाग माझ्या हातची होती. आमचे मालक साखर कारखान्यात पाळीवर जायचे. दीर बी.ए. झालेले, इस्त्रीचे कपडे घालून रोज बारामतीला जायचे. धाकटी घरातलं बघायची. कुठल्या पट्ट्याला कधी पाणी तोडायचं, किती छाटायचं, पहिलं पाणी किती द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, झाडांकडं बघून बघून कळलं. पण व्यापारी किंवा शेतकी खात्याचा माणूस आला की बोलायचे दीर. बाईनं परक्या पुरुषासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मी मुळातच बुजरी, म्हणून ती मला सोयीची वाटायची. मी दाराआड नाहीतर झाडाआड उभी राहायचे. दिरांना उत्तर माहीत नसलं की ते खोकायचे. मी हळूच सांगायचे, ते मोठ्यानं सांगायचे. कितीतरी वर्षं असं चाललं. लोक म्हणायचे, तुमचा खोकला काही जात नाही.

पुढं महिन्याभरानं ते आम्हा दोघी जावांना बारामतीला घेऊन गेले. स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान नवीनच निघालं होतं. आत लाकडी खण पाडलेले, एकेका खणात एकेक कॉम्प्युटर. दुकानदार म्हणाला, "चित्रं बंद ठेवलीत बरं का. चित्राच्या जागी नुसती चौकट आणि चित्रात काय आहे ते लिहिलेलं येतं. चालू केली तर एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो."

आमच्या बागेचं पान आलं. पांढऱ्या कागदावर काळ्या मुंग्या बसाव्यात तसं इंग्रजी. मधोमध एक रिकामी चौकट, कोपऱ्यात बारीक खूण, आणि चौकटीच्या आत मोठ्या अक्षरांची एक ओळ.

दीर काचेवर बोट टेकवून म्हणाले, "ही चौकट दिसतीया का वहिनी? हितं तुमी हाय."

"मी न्हाय दिसत."

"चित्रं बंद हायती म्हणून. अमेरिकेतल्या माणसाला दिसता तुमी."

"आन् आत काय लिवलंय?"

त्यांनी धाकटीकडं बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला. "तुमचं नाव."

"एवढं लांब?"

"इंग्रजीत नाव लांबतंच, वहिनी."

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचते, लिहिते. इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण रांगोळी मी एकदा बघितली की काढते. दुकानदाराचं पेन वहीला सुतळीनं बांधलेलं होतं. मी एस.टी.च्या तिकिटाच्या पाठीवर ती ओळ उतरवून घेतली, कुठली काडी उभी, कुठली आडवी, कुठं पोट, हे बघत. माझं तिकीट पुरलं नाही, मग धाकटीकडून तिचं मागून घेतलं. तिनं हसत हसत दिलं. तेव्हाही मला कळलं नाही.

घरी आल्यावर मी रोज ती अक्षरं गिरवली. चुलीपुढच्या राखेत, बागेत काटकीनं मातीवर. मला वाटायचं, माझं नाव जगात कुणीतरी वाचतंय, निदान मला ते लिहिता तरी यावं.

आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी ते उंबऱ्यासमोर रांगोळीत काढलं. भोवती चौकट, चारी कोपऱ्यांत डाळिंबं, अक्षरांत लाल रंग. आळीतल्या बाया फराळाला आल्या होत्या, त्या वाकून वाकून बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "ह्ये काय वो?" मी लाजत म्हटलं, "माझं नाव हाय."

धाकटीची मुलगी नववीत होती. ती बाहेर आली आणि मोठ्यानं वाचायला लागली, "फार्मर अँड हिज वाइफ." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, हे नाव कुठंय? शेतकरी आणि त्याची बायको, असं लिहिलंय."

बाया हसल्या. एक म्हणाली, "का वो, मालकाचं नाव घ्यायला लाज वाटती म्हणून असलं काढलंय व्हय?" धाकटीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. दीर ओसरीवर करंजी खात होते. ते म्हणाले, "अडाणी माणसाला खरं वाटतं सगळं." ते त्यांनी हळू म्हटलं, पण मी ऐकलं.

मी रांगोळी पुसली नाही. आत जाऊन अनारसे तळले. एकही करपला नाही.

भाऊबीज झाल्यावर त्याच मुलीला घेऊन मी बारामतीला गेले. तिलाही तो फोटो बघायचाच होता. तिनं दुकानदाराला चित्रं चालू करायला सांगितली. फोटो वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायला लागला. आधी आभाळ आलं. मग माझ्या झाडाचा शेंडा. मग दिरांचा भांग. दुकानदार खरंच चहा घेऊन आला, तोवर धाकटीचं कपाळ आणि कुंकू आलं होतं. मग तिचं हसू. मग तिचा हात, आणि हातात माझी कात्री. तिनं ती उलटी धरली होती.

"काकू, आईचा फोटो छान आलाय की," पोरगी म्हणाली. मी म्हटलं, "व्हय, लई छान." परत येताना एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. रडू आलं नाही. घर येईपर्यंत माझं काय करायचं ते ठरलं होतं.

मला फार थांबावं लागलं नाही. ते पान बघून पुण्याहून दोन साहेब येणार असं पत्र आलं. जी बाग निवडतील तिथं ते गावोगावचे शेतकरी आणून दाखवणार होते, आणि बागवाला शिकवणार होता. दिरांनी नवा सफारी शिवला. धाकटीनं ठेवणीतली साडी काढली. मला म्हणाले, "वहिनी, नेहमीसारखंच. माझ्या मागच्या झाडाआड." मी म्हटलं, "व्हय की."

तेव्हा बाग ताणावर होती. पाणी तोडलं की पानं पिवळी पडतात, गळतात, आणि मग बेतानं पाणी दिलं की झाड फुलतं. मोठ्या साहेबानं वहीत लिहायला घेतलं आणि विचारलं, "ताण किती दिवस देता?"

दीर खोकले.

मी झाडाआडच होते. ओठ मिटलेले. वरच्या मुरमाडाला महिना, खालच्या काळ्या रानाला त्याच्या दीडपट; आणि खरं म्हणजे दिवस मोजायचेच नाहीत, हात लावताच पान गळलं की ताण पुरा झाला. सगळं जिभेवर होतं.

दीर पुन्हा खोकले. मग मोठ्यानं खोकले. धाकट्या साहेबानं त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली. "घ्या, घसा कोरडा पडलाय तुमचा." ते प्यायले. मागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पण त्यांच्याकडं बघितलं. तेवढं सरळ मी त्यांच्याकडं कधीच बघितलं नव्हतं.

"पंचेचाळीस दिवस," ते म्हणाले. "समदीकडं सारखंच."

"मुरमातही?"

"व्हय."

"बरं. आणि पहिलं पाणी?"

"भरपूर! दोन दिवस पाणी सोडूनच ठेवायचं."

साहेबाचं पेन थांबलं. "मग फुलं टिकतात कशी?"

दीर खोकलेसुद्धा नाहीत. तेव्हा तो साहेब वळला आणि धाकटीला हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचा फोटो बघितला आम्ही. कात्री हातात घेऊन उभ्या आहात. कामाचा माणूस तुम्हीच दिसता. तुम्ही सांगा."

धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आमी... ह्येच बघत्यात," ती म्हणाली आणि घाम पुसायला लागली. थंडीचे दिवस होते.

साहेब चहाला थांबले नाहीत. त्यांनी निमगाव केतकीकडची एक बाग निवडली, हे नंतर कळलं.

जीप गेल्यावर दीर माझ्या अंगावर आले. "तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"

मी म्हटलं, "शेतकरी आन् त्याची बायको उभी हुती की तितं, भावजी. मी कोण बोलणार?"

मालकांना कळल्यावर ते भरल्या ताटावरून उठून कारखान्यावर गेले. बाग निवडली गेली असती तर फायदा सगळ्यांचाच होता, हे मलाही कळत होतं. तरीसुद्धा साहेबाची बाटली आणि धाकटीचा घाम आठवला की मला अजून बरं वाटतं. झाडाआड मी पुन्हा कधी उभी राहिले नाही, आणि दिरांचा खोकला आपोआप बरा झाला.

दर दिवाळीला मी उंबऱ्यासमोर तीच ओळ काढते. चौकट, चारी कोपऱ्यांत डाळिंबं. आल्यागेल्यानं विचारलं तर धाकटीकडं बोट दाखवते आणि सांगते, "हिचं नाव हाय. इंग्रजीत लांबतं." दुसऱ्या वर्षी तिनं माझ्या आधी उठून उंबऱ्यासमोर पाणी ओतून ठेवलं, जमीन ओली राहावी म्हणून. मी जमीन वाळेपर्यंत थांबले आणि अक्षरं दुप्पट मोठी काढली. लाल रंग कमी पडला, म्हणून शेवटच्या शब्दात कुंकू भरलं. दीर दिवाळीत मागच्या दारानं जातात येतात.