मोडुपे मावशीचं राष्ट्रकुल

मोडुपे कोकर म्हणजे आमची मोडुपे मावशी. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनची. मीही तिकडचीच. तेवीस वर्षं तिनं इंग्लंडमधल्या या हल शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, मेल्यावर त्यांचे डोळेसुद्धा मिटवले. आणि दर मार्चमध्ये राष्ट्रकुलाचा झेंडा चढला की माइकसमोर उभी राहून वाचायची, आपण सगळे देश म्हणजे एकच कुटुंब!

माझं डोकं सणकायचं. "मावशी, कसलं गं कुटुंब? ज्यांनी आपल्याला लुटलं, ते आता थोरले भाऊ होय?"

"गप गं! आपण आपणहून शिरलोय त्यात, कुणी बांधून नाही नेलं. नातं मानलं की कधीतरी उपयोगी पडतं."

पडलं ना उपयोगी!

तिची लेक ओलाबिसी बाळंत व्हायची होती. आमच्यात बाळाला आठव्या दिवशी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आणतात, तेही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं. ती त्याला चर्च दाखवते, शाळा दाखवते, बाजार दाखवते, आणि सांगते, हे सगळं तुझं. ओलाबिसीला मावशीच्या आईनंच बाहेर आणलं होतं. आता पणतवंडासाठी तिकडं फ्रीटाउनमध्ये ब्याऐंशी वर्षांची म्हातारी नवा झगा शिवून तयार बसली होती.

इकडं यायचा तिचा व्हिसा नाकारला. कारण काय, तर 'तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही.' अरे, लाज कशी वाटत नाही? जिचं घर तिकडं, कोंबड्या तिकडं, नवऱ्याशेजारी राखून ठेवलेली कबरीची जागा तिकडं, ती बाई इथं थंडीत कुडकुडत राहणार?

मावशी महापौरांकडे गेली, एखादं शिफारसपत्र मिळेल म्हणून.

"ते आमच्या हातात नाही हो," महापौर म्हणाले. "पण सोमवारी झेंडा चढवताना तुमचा तो निळा पोशाख घालून याच. फोटोत फार छान दिसतो."

मी तिथं असते तर चार शब्द सुनावलेच असते.

ओलाबिसी बाळंत झाली, आणि तो सोमवार म्हणजे नेमका बाळाचा आठवा दिवस. मावशी निळा पोशाख घालून आली. हातातला ठरलेला कागद तिनं उघडलाच नाही. पर्समधून आईच्या व्हिसाचं नकारपत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचलं.

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! ती दरवर्षी वाचते, हे दरवर्षी वाजवतात. ऐकतंय कोण? लगेच बँड सुरू झाला. महापौरांनी हसत हात मिळवला. "सुंदर! नेहमीसारखंच."

मावशी तडक निघाली. घरी आली, बाळाला उचललं आणि दार उघडून बाहेर उभी राहिली. चर्चकडे बोट केलं नाही, शाळेकडे नाही.

"हा रस्ता, राजा," ती म्हणाली. "तुझ्या पणजीला यावर पाय ठेवायला बंदी आहे."

मग बाळाला घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं.